एकच प्रॉडक्ट, पाच एसआरएस: क्लायंटगणिक बदलणाऱ्या रिक्वायरमेंट्स कशा लिहायच्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हजेरी आणि रजेचं एकच सॉफ्टवेअर पाच क्लायंटना दिलंय, प्रत्येकाच्या एसआरएसची (सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं, म्हणजे रिक्वायरमेंट्स, लिहिलेल्या डॉक्युमेंटची) फाइल वेगळी, मूळ नियम एक बदलला की पाच ठिकाणी हात लावावा लागतो आणि कुठेतरी राहूनच जातो. मग सगळं एका फाइलमध्ये घेऊन "अ साठी असं, ब साठी तसं" लिहून बघितलंत, तर ती फाइल कोणाला वाचवेना. आता फीचर मॉडेल (कोणती फीचर आहेत आणि कोणती एकत्र चालतात त्याचा नकाशा) काढावं का, यूज केस डायग्रॅममधल्या (युजर सिस्टिमकडून काय करून घेतो त्या चित्रातल्या) एक्स्टेंडने भागेल का, आणि टूल कोणतं घ्यावं, हे विचारताय.

टूलचं शेवटी बघू. माझ्या मते फाइल एक असावी की पाच हा इथला खरा प्रश्नच नाहीये. तुमच्या दोन्ही पद्धतींमध्ये फरक क्लायंटच्या नावाने लिहिलाय, आणि घोळ तिथे आहे. "ब ला दोन पायऱ्यांची मंजुरी लागते" या वाक्याचा सहावा क्लायंट आल्यावर काही उपयोग होत नाही, कारण ती का लागते, कोणी ठरवलं, कधीपर्यंत बदलता येईल, ती घेतली की अजून काय घ्यावं लागेल, यातलं त्यात काहीच नाही. मी एक नियम कटाक्षाने पाळतो, रिक्वायरमेंटच्या वाक्यात क्लायंटचं नाव येऊ द्यायचं नाही. वाक्यात पर्याय येतो, आणि कोणी कोणता पर्याय घेतला हे वेगळ्या तक्त्यात जातं. बाकी जे काही खाली लिहितोय ते बहुतेक या एका गोष्टीतूनच निघतं.

अर्थात हे सगळं करायचं की नाही ते तुमच्या परिस्थितीवर आहे. दोनच क्लायंट असतील आणि तिसरा येणार नसेल तर दोन फाइली ठेवा आणि सुखाने राहा. एखाद्या क्लायंटचं काम इतकं वेगळं असेल की निम्मं डॉक्युमेंट जुळतच नाही, तर तो वेगळा प्रॉडक्ट समजा, ओढून ताणून एकत्र आणू नका. उलट वैद्यकीय उपकरणं, गाड्या अशा क्षेत्रात असाल, जिथे कोणत्या मॉडेलला कोणती रिक्वायरमेंट लागू होती आणि ती कोणत्या टेस्टने तपासली हे दाखवावंच लागतं, तिथे दुसरं व्हेरियंट (त्याच प्रॉडक्टचा वेगळा प्रकार) येण्याआधीच हे करून ठेवलेलं परवडतं. तुमचे पाच आहेत आणि प्रश्नावरून दिसतंय की अजून येणार आहेत, म्हणजे तुम्हाला करायला हवंच.

आता एक उदाहरण नीट उकलून बघू, रजेच्या मंजुरीचं. तुमच्या फाइलींमध्ये साधारण अशी वाक्यं असणार.

अ: कर्मचाऱ्याचा रजेचा अर्ज मंजुरीसाठी त्याच्या मॅनेजरकडे जाईल.
ब: अर्ज आधी मॅनेजरकडे आणि त्याने मंजूर केल्यावर एचआरकडे जाईल.
क: ३ दिवसांपर्यंतचा अर्ज मॅनेजर मंजूर करेल, त्यापेक्षा जास्त दिवसांचा असेल तर एचआरचीही मंजुरी लागेल.

बहुतेक जण हे बघून तीन चौकोन काढतात, एकपातळी, दोनपातळी, आणि सशर्त दोनपातळी. पण जरा थांबून बघा, ब म्हणजे क च आहे, फक्त मर्यादा ० दिवस. म्हणजे पर्याय तीन नाहीतच, एक हो/नाही आणि एक आकडा आहे. मग लिहायचं असं:

सर्वांसाठी: अर्ज मॅनेजरकडे जाईल. लागू असलेल्या सगळ्या पायऱ्यांची मंजुरी मिळेपर्यंत रजा शिल्लकीतून वजा होणार नाही.
एचआर मंजुरी हे फीचर घेतलं असेल तिथे: मर्यादेपेक्षा जास्त दिवसांचा अर्ज मॅनेजरच्या मंजुरीनंतर एचआरकडे जाईल. मर्यादा ० किंवा जास्त दिवस, डिफॉल्ट ०.

आणि तक्त्यात अ पुढे "नाही", ब पुढे "हो, ०", क पुढे "हो, ३". उद्या कोणी ५ म्हणालं तर तक्त्यात एक ओळ वाढते, एसआरएसला हात लागत नाही.

यात एक फायदा असा होतो जो आधी लक्षात येत नाही. "मर्यादेपेक्षा जास्त दिवस" असं सगळ्यांसाठी एकदा लिहायला बसलं की लगेच प्रश्न पडतो, दिवस कसे मोजायचे? शुक्रवार ते सोमवार रजा, मधे दोन दिवस साप्ताहिक सुट्टी, तर हा अर्ज २ दिवसांचा की ४? मर्यादा ३ असताना यावर एचआरकडे जायचं की नाही ते ठरतं. क च्या फाइलमध्ये हे संदिग्ध वाक्य पहिल्या दिवसापासून बसलेलं असतं, डेव्हलपरने त्याला वाटलं तसं मोजलेलं असतं आणि कोणी तक्रार करेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. आयएसओ/आयईसी/आयईईई २९१४८ या स्टँडर्डमध्ये चांगल्या रिक्वायरमेंटचे गुण दिलेत, त्यात ती संदिग्ध नसावी आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी हे दोन्ही आहेत. "अ असेल तर, ब असेल तर" वालं वाक्य दुसरा गुण उघडपणे मोडतं, आणि त्या गर्दीत पहिलाही कधी मोडला ते दिसत नाही.

पुढचा मुद्दा, प्रत्येक "जर" म्हणजे व्हेरिएबिलिटी, म्हणजे क्लायंटगणिक बदलणारा पर्याय, नव्हे. "कर्मचारी रात्रपाळीत असेल तर पंच-आउट दुसऱ्या तारखेला धरायचा" हा पर्याय नाही, ही सिस्टिमची रोजची वागणूक आहे, सगळ्या क्लायंटकडे सारखीच. तुम्ही विचारलेलं एक्स्टेंड इथेच गोत्यात आणतं. एक्स्टेंड एवढंच सांगतं की अमुक अटीवर हे जास्तीचं वागणं होतं. पण ती अट रोज युजरच्या कृतीने ठरते की करार करताना एकदाच ठरते, हे डायग्रॅममधून कळत नाही. त्यामुळे एक्स्टेंड वापरायचं तर फक्त रोजच्या वागण्यासाठी वापरा, प्रॉडक्टमधले पर्याय त्यात घालू नका. वाक्याच्या पातळीवर हा भेद ठेवायला ईएआरएस नावाची पद्धत बरी पडते, रोल्स-रॉइसमध्ये ॲलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी ती काढली आणि २००९ मध्ये मांडली. त्यात घटनेसाठी व्हेन, चालू स्थितीसाठी व्हाइल, नको असलेल्या प्रसंगासाठी इफ-देन, आणि ऐच्छिक फीचरसाठी व्हेअर अशी सुरुवात ठरलेली आहे. मराठीत लिहीत असाल तर "फीचर घेतलं असेल तिथे" हीच सुरुवात प्रत्येक ऐच्छिक रिक्वायरमेंटला ठेवा आणि दुसरीकडे कुठेही ती वापरू नका. नुसतं सर्च मारून सगळे पर्याय सापडतात, हे जितकं साधं तितकंच उपयोगाचं आहे.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, निर्णय कधी आणि कोण घेतो. याला बाइंडिंग टाइम म्हणतात. मर्यादा ३ दिवस हे तुम्ही बिल्ड करताना ठरवता, इन्स्टॉल करताना तुमची सपोर्ट टीम ठरवते, की क्लायंटचा ॲडमिन त्याला हवं तेव्हा स्क्रीनवर बदलतो? एसआरएसमध्ये हे लिहिलेलं नसेल तर डेव्हलपर स्वतःच्या सोयीने ठरवतो. आणि सेल्सवाल्यांना विचाराल तर त्यांचं एकच उत्तर असतं, सगळं कॉन्फिगरेबल ठेवा. ऐकायला छान वाटतं. पण निर्णय जितका उशिरा, तितक्या नव्या रिक्वायरमेंट्स जन्माला येतात. ॲडमिन चालू सिस्टिममध्ये मर्यादा बदलणार म्हटलं की पहिलं म्हणजे सेटिंगची स्क्रीन, तिचे अधिकार, कोणी कधी बदललं याची नोंद, एवढं तर आलंच. पण खरी डोकेदुखी पुढे आहे. समजा मंगळवारी ॲडमिनने मर्यादा ३ वरून १ केली आणि सोमवारी केलेला २ दिवसांचा एक अर्ज अजून मॅनेजरकडे पडून आहे. मॅनेजरने बुधवारी मंजूर केला तर तो संपला की एचआरकडे जाणार? अर्ज केला तेव्हाचा नियम लावायचा की मंजुरीच्या क्षणाचा? आणि कोणी एचआर मंजुरी हे फीचरच बंद केलं तर एचआरच्या खात्यात अडकलेले अर्ज कुठे जाणार, आपोआप मंजूर, परत मॅनेजरकडे, की फीचर बंदच करू द्यायचं नाही जोपर्यंत ती यादी रिकामी होत नाही? मला यातला शेवटचा पर्याय आवडतो, ॲडमिन चिडतो पण कोणाची रजा हवेत लटकत नाही. तुमचं मत वेगळं असू शकेल, पण ते एसआरएसमध्ये लिहिलेलं हवं. म्हणून मी प्रत्येक पर्यायाला विचारतो की हे खरंच चालू असताना बदलायची गरज आहे का, आणि नसेल तर इन्स्टॉलच्या वेळीच ठरवून मोकळा होतो.

म्हणजे आत्तापर्यंत एका फरकाबद्दल काय काय लिहिलं बघा: काय बदलतं, पर्याय कोणते, डिफॉल्ट काय, कोण ठरवतं आणि कधी. तक्त्याचे एवढेच रकाने पुरेत. अजून एक घाला, कारण. ते का ते खाली कळेल.

आता फीचर मॉडेल. ही कल्पना १९९० ची, कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी एफओडीए (फीचर-ओरिएंटेड डोमेन ॲनालिसिस) या पद्धतीच्या रिपोर्टमध्ये मांडलेली. वर प्रॉडक्ट, खाली फीचरचं झाड, प्रत्येक फीचर सक्तीचं, ऐच्छिक, किंवा काहींपैकी एक, आणि शिवाय झाडाच्या बाहेरची दोन नाती, याला ते लागतं आणि याच्याबरोबर ते चालत नाही. प्रोग्रॅमच्या कुटुंबाकडे आधी त्यांच्यात समान काय या अंगाने बघावं हे तर डेव्हिड पार्नासने १९७६ मध्येच सांगितलं होतं. तुमच्यासाठी झाडाचं चित्र दुय्यम आहे, नाती महत्त्वाची. चित्र मीटिंगमध्ये दाखवायला बरं पडतं, पन्नास-साठ फीचर झाली की तेही भिंतीवर मावत नाही.

नाती लिहिताना कारण लिहाच. "सुपरवायझरने दिवसाला एकदा सगळ्यांची हजेरी भरणं" आणि "मिनिटांवर ओव्हरटाइम" हे एकत्र चालत नाही, कारण आत-बाहेरच्या वेळाच नाहीत, मोजणार काय. हे कारण टिकाऊ आहे. पण "मोबाइल हजेरी फक्त मोठ्या पॅकेजबरोबर" हे नातं विक्रीच्या धोरणातून आलंय, पुढच्या वर्षी धोरण बदलेल आणि हे नातंही जाईल. दोन्ही एकाच रंगाच्या बाणाने काढलीत तर दोन वर्षांनी कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही की कोणता बाण पुसला तर चालेल, मग भीतीपोटी सगळेच राहतात.

दुसरं, "याला ते लागतं" म्हणजे "हे घेतलं की ते गुपचूप चालू करा" असं नव्हे. लिनक्स कर्नलच्या केकॉन्फिगमध्ये (कर्नल बनवताना काय घ्यायचं ते निवडायच्या व्यवस्थेत) दहा हजारांच्या वर ऑप्शन्स आहेत आणि तिथे ही दोन वेगळी नाती आहेत, डिपेंड्स ऑन आणि सिलेक्ट. सिलेक्ट समोरचं ऑप्शन जबरदस्तीने चालू करतं, त्याची स्वतःची अवलंबित्वं पूर्ण आहेत की नाही ते बघत नाही, आणि कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच ते जपून वापरा असा इशारा दिलाय. रिक्वायरमेंटच्या पातळीवर मी नेहमी पहिल्या प्रकाराने लिहितो, अमुक नसेल तर हे निवडता येणार नाही, बस. आपोआप चालू करायचं तर ते वेगळी रिक्वायरमेंट म्हणून मुद्दाम लिहा.

नाती लिहिली तरी एक गोष्ट सुटतेच, दोन फीचर एकेकटी बरोबर आणि एकत्र आली की भांडतात. टेलिफोनमधलं जुनं उदाहरण आहे, कॉल वेटिंग आणि बिझी असताना कॉल फॉरवर्ड. दोन्ही घेतलेल्या माणसाची लाइन बिझी असताना तिसऱ्याचा फोन आला तर त्याला वेटिंगचा टोन द्यायचा की कॉल दुसऱ्या नंबरला पाठवायचा? दोन्ही स्पेसिफिकेशन स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. तुमच्याकडे हेच कॉम्प-ऑफ आणि ओव्हरटाइममध्ये होणार. सुट्टीच्या दिवशी कामावर आलेल्या माणसाला कॉम्प-ऑफवालं फीचर एक दिवस बदली रजा देतं, ओव्हरटाइमवालं त्याच तासांचे पैसे देतं, दोन्ही चालू असलेल्या क्लायंटकडे एकाच कामाचा मोबदला दोनदा. बरं, हे बग म्हणून शोधायला गेलात तर कोड दोन्हीकडे एसआरएसप्रमाणेच आहे. याचं उत्तर दोन्हींपैकी एका फीचरच्या भागात कोंबू नका, "कॉम्प-ऑफ आणि ओव्हरटाइम दोन्ही घेतले असतील तिथे" अशी तिसरी रिक्वायरमेंट लिहा: सुट्टीच्या कामासाठी कर्मचारी दोन्हींपैकी एक निवडेल, त्याने निवडेपर्यंत दोन्ही खाती गोठलेली राहतील. अशा जोड्या शोधायच्या कशा? एकाच गोष्टीत लिहिणारी फीचर शोधा. रजेची शिल्लक, पगाराचे तास, हजेरीची नोंद, या तिन्हींमध्ये कोणकोणतं फीचर बदल करतं त्याची यादी काढा, ज्या ठिकाणी दोन नावं आली तिथे बसून बोला. सगळ्या जोड्या तपासत बसण्यापेक्षा हे फार कमी कामात होतं.

यावरून टेस्टिंग. एकमेकांवर अवलंबून नसलेले १० हो/नाही पर्याय म्हणजे १०२४ प्रॉडक्ट, २० म्हणजे १०,४८,५७६, आणि ३३ झाले की आकडा ८ अब्जांच्या पुढे जातो, पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एक स्वतंत्र प्रॉडक्ट देऊनही उरतील. त्यामुळे "सगळी कॉम्बिनेशन्स टेस्ट करू" हे वाक्य कोणी मीटिंगमध्ये बोललं तर हसू नका, फक्त आकडा सांगा. कोणत्याही दोन पर्यायांच्या सगळ्या जोड्या निदान एकदा तरी तपासल्या जाव्यात एवढंच धरलं, तर त्या १० पर्यायांसाठी ६ कॉन्फिगरेशन्स पुरतात. तीन फीचर मिळून होणारा घोळ यात सापडेलच असं नाही आणि नाती आली की आकडा थोडा बदलतो, पण १०२४ च्या जागी ६ हा सौदा मी कधीही घेईन. त्यात तुमची प्रत्यक्षात विकलेली पाच कॉन्फिगरेशन्स मात्र जशीच्या तशी टाका, ती कितीही मिळतीजुळती असली तरी.

आणि पर्याय काढून टाकायची सोय ठेवा. नवीन फीचर घालायला सगळे उत्साही असतात, जुनं काढायला कोणी येत नाही. तक्त्यात ज्या पर्यायापुढे सगळ्यांचं एकच उत्तर आहे तो पर्याय नाहीच, एक तर सर्वांसाठी करा नाहीतर काढा. काढलेल्या पर्यायाचा आयडी किंवा फ्लॅग (फीचर चालू-बंद करणारी कोडमधली खूण) पुन्हा दुसऱ्या कामाला लावू नका. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीत हेच झालं, बऱ्याच वर्षांपूर्वी वापरातून गेलेल्या फीचरचा फ्लॅग नव्या फीचरला दिला होता, आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नाही, तिथे तो फ्लॅग लागल्यावर जुना मेलेला कोड जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. तो जुना कोड काढलेला असता तर फ्लॅग लागून जागं व्हायला काही उरलंच नसतं.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर पाचही फाइली एकदम एकत्र करू नका, जो भाग सगळ्यात जास्त बदलतो तोच घ्या, तुमच्या बाबतीत बहुधा रजा. पाचही फाइलींमधली तीच रिक्वायरमेंट एका ओळीत शेजारी शेजारी लावा आणि प्रत्येक फरकाला तीनपैकी एक खूण करा: नुसते शब्द वेगळे, खरंच वेगळं, किंवा एका ठिकाणी सुधारलेलं आणि बाकी ठिकाणी राहून गेलेलं. तिसऱ्या प्रकारचे फरक तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त निघतील आणि ते पर्याय म्हणून तक्त्यात जाता कामा नयेत, नाहीतर जुन्या चुकीला फीचरचा दर्जा मिळतो. मात्र ठरवण्याआधी त्या क्लायंटला विचारा, कधी कधी ती "चूक" त्यांच्या अंगवळणी पडलेली असते आणि त्यांच्या पगाराचा हिशोब त्यावर उभा असतो.

क्लायंटला स्वतंत्र डॉक्युमेंट सही करायला हवं असतं, ते द्यायचंच, पण ते हाताने लिहायचं नाही, एका मूळ एसआरएसमधून त्याच्या ओळीप्रमाणे गाळून काढायचं. आणि त्यावर मूळ एसआरएसची आवृत्ती आणि कॉन्फिगरेशनची आवृत्ती हे दोन्ही नंबर छापा, एकच छापला तर वर्षभराने त्याने नक्की कशावर सही केली होती ते परत काढता येत नाही. बदल आला की मूळमध्येच करायचा. कोणी घाईत गाळलेल्या कॉपीत दुरुस्ती केली की तुम्ही परत पाच फाइलींवर आलात.

टूलबद्दल, तीसेक पर्यायांपर्यंत स्प्रेडशीट पुरतं, मी गंभीरपणे सांगतोय. एका शीटवर पर्याय, दुसरीवर नाती, तिसरीवर क्लायंटची निवड, आणि रिक्वायरमेंटच्या प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या फीचरखाली लागू आहे तो रकाना. पर्यायांचं मॉडेल असं वेगळं ठेवून रिक्वायरमेंट, डिझाइन आणि टेस्ट या सगळ्यांना तिथूनच जोडायचं, ही पद्धत पोल, बॉकले आणि व्हान डर लिंडेन यांनी २००५ मध्ये ऑर्थोगोनल व्हेरिएबिलिटी मॉडेल म्हणून मांडली, स्प्रेडशीटमध्ये तुम्ही त्याचीच गरिबाघरची आवृत्ती करताय. नाती इतकी वाढली की निवड एकमेकांशी जुळते का हे डोळ्यांनी सांगता येत नाही, तेव्हा फीचरआयडीईकडे जा, ते फीचर मॉडेलचं टूल एक्लिप्स या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि फुकट आहे. फीचर मॉडेल तर्कशास्त्राच्या सूत्रात बदलता येतं हे डॉन बेटोरीने २००५ मध्ये दाखवलं, त्यामुळे अशी टूल्स आतमध्ये सॉल्व्हर (अशी सूत्रं सोडवणारा प्रोग्रॅम) लावून सांगू शकतात की ही निवड चालणारी नाही, किंवा हे फीचर कोणत्याच कॉन्फिगरेशनमध्ये येऊ शकत नाही. ते दुसरं उत्तर पहिल्यांदा मिळतं तेव्हा बहुतेक टीम टूलवरच संशय घेतात. डोअर्ससारखं रिक्वायरमेंट टूल आधीच वापरत असाल तर प्युअर व्हेरियंट्स हे व्हेरियंट सांभाळायचं टूल त्याला जोडता येतं, पण ते विकत घ्यावं लागतं आणि पाच क्लायंटसाठी मी तरी घेणार नाही. रजेचा भाग स्प्रेडशीटवर एकदा पूर्ण बसवा, सहाव्या क्लायंटची ओळ भरून बघा, आणि ती भरताना एसआरएसमधली किती वाक्यं बदलावी लागली त्यावरून ठरवा.